शिकलेल्यांची भांडणे

विद्यापीठांतल्या अतिथी व्याख्यानांचा एक हमखास विषय म्हणजे जागतिक शिक्षण, संघर्ष आणि सामाजिक बदल. वक्ते बाहेरगावचे, बहुधा परदेशी राहून आलेले. शाल-श्रीफळ होते, पडद्यावर निर्वासितांच्या छावणीतली तंबूतली शाळा झळकते, आणि तासाभराच्या भाषणाचा निष्कर्ष पहिल्या पाच मिनिटांतच कळून चुकतो. अज्ञानातून द्वेष येतो, द्वेषातून हिंसा. म्हणून शाळा काढा, हिंसा आपोआप आटेल. मग आभार आणि चहा.

हे मत अर्धवट आहे एवढेच म्हणणे सभ्यपणाचे ठरले असते. माझे म्हणणे त्याहून कडक आहे. शाळा भांडणाबाहेर उभी राहून भांडण सोडवते, हे त्या मताचे मूळ गृहीतकच चुकीचे आहे. शाळेतली जागा, शाळेची भाषा, शाळेनंतरची नोकरी याच गोष्टींसाठी तर माणसे भांडतात. त्यांचा पुरवठा वाढवला की भांडण मिटेल की पेटेल, हे तो कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर होतो यावर ठरते. शिवाय काही भांडणे मिटवण्याची घाई करू नये; ती आधी नीट व्हावी लागतात.

व्याख्यानांतून हे सहसा ऐकू येत नाही, त्याचे खापर वक्त्यांच्या अभ्यासावर फोडता येणार नाही. पाहुण्याने यजमानाला अवघडवू नये हा आपला शिष्टाचार व्यासपीठावरही पाळला जातो, आणि शिक्षणाने शांतता येते असे म्हटल्याने सभागृहात कोणाचेच काही जात नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले होते. भाषणाचा मजकूर हाती पडल्यावर मंडळी बिचकली, काही भाग गाळा म्हणू लागली. आंबेडकर स्वल्पविरामही हलवायला तयार नव्हते. परिषद रद्द झाली. त्यांनी स्वखर्चाने दीड हजार प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. जातिनिर्मूलनावरचे ते व्याख्यान आज जगभर अभ्यासले जाते, आणि ते कधी दिले गेलेच नाही. जात तोडण्यासाठीच ज्यांनी मंडळ काढले होते त्यांनाही सामाजिक बदलावरचे व्याख्यान पचले नाही, एवढे ध्यानात ठेवून मूळ मताकडे येऊ.

पूर्वपक्ष सहज पडेल असा मांडला तर खंडनात पुरुषार्थ नाही. म्हणून त्याचे सर्वांत बळकट रूप घेतो. त्याची वंशावळ मोठी आहे. युनेस्कोची घटना १६ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडनमध्ये स्वीकारली गेली. युद्धाचा उगम माणसाच्या मनात आहे, तेव्हा शांततेची तटबंदीही तिथेच उभारावी, हा तिच्या उद्देशिकेचा गाभा. पुढे या श्रद्धेला आकड्यांचेही बळ मिळाले. पॉल कोलिअर आणि आंके होएफलर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये यादवी युद्धांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुलग्यांच्या माध्यमिक शाळेतल्या पटनोंदणीचा हिशेब आहे. ती सरासरीपेक्षा दहा टक्केबिंदूंनी जास्त असली, तर पाच वर्षांच्या काळात यादवी पेटण्याची शक्यता साधारण साडेअकरा टक्क्यांवरून साडेआठच्या आसपास उतरते. कारणमीमांसा अर्थशास्त्रज्ञांना शोभेल अशीच: शिक्षणामुळे ज्याला मिळकतीची वाट दिसते तो बंडखोरांच्या टोळीत शिरण्याआधी दहादा विचार करतो. क्लेटन थाइन यांनी २००६ मध्ये त्याला आणखी एक पदर जोडला. शाळांवर खर्च करणारे सरकार लोकांची पर्वा करताना दिसते, त्यामुळे गाऱ्हाणीच कमी होतात.

आकडे मला मान्य आहेत, अनुमान मान्य नाही. आपल्या नैयायिकांनी अशा प्रसंगासाठी नेमके हत्यार घडवून ठेवले आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण धूर निघायला इंधन ओले लागते. हे ओले इंधन म्हणजे उपाधी. ती नजरेआड राहिली की अनुमान फसते. जिथे शाळा तिथे शांतता, या अनुमानातली उपाधी कोणती? गावोगाव माध्यमिक शाळा चालवू शकणारे सरकार रस्तेही बांधते, करही वसूल करते, पगार वेळेवर देते, तंटा कोर्टात नेण्याची सोय करते. पटनोंदणी ही बहुतेक वेळा अशा चालत्या राज्ययंत्रणेची खूण असते. शांततेचे श्रेय खुणेला द्यायचे की यंत्रणेला? हे तपासायचे तर असा देश घ्यायला हवा, जिथे शाळा भरपूर होत्या आणि वाटप तेवढे बिघडले. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा या शिक्षणमंत्र्यांच्या पुढाकाराने १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत झाले. खेड्यांच्या पंचक्रोशीत मध्यवर्ती शाळा निघाल्या. साक्षरतेत हे बेट दक्षिण आशियात आघाडीवर राहिले. उत्तरेकडच्या जाफना द्वीपकल्पात शाळांची परंपरा त्याहून जुनी होती. अमेरिकन मिशनऱ्यांनी वट्टुकोट्टै येथे १८२३ मध्येच उच्च शिक्षणाची संस्था काढली होती. जमीन कोरडी, शेतीत फारसे हाती लागत नाही. तेव्हा इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरायची, डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे, हा जाफन्यातल्या तमिळ कुटुंबांचा रिवाजच झाला. रत्नागिरीकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. १९५६ मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांच्या सरकारने सिंहली ही एकमेव राजभाषा केली. (बंडारनायके ऑक्सफर्डला शिकलेले होते, हे जाता जाता.) नोकरीचे दार अरुंद झाले तेव्हा तमिळ मुलांपुढे विद्यापीठाचे, त्यातही वैद्यक आणि अभियांत्रिकीचे दार तेवढे उरले, आणि तिथे त्यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या कितीतरी पुढे होते.

पुढचा भाग सांगताना बहुतेक जण थेट तमिळ प्रश्नाकडे वळतात. त्याआधी दक्षिणेकडे पाहिले पाहिजे, कारण पूर्वपक्षाची खरी कोंडी तिथे होते. एप्रिल १९७१ मध्ये रोहन विजेवीरांच्या जनता विमुक्ती पेरमुनाने सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला, देशभर पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले. उठाव करणारे सिंहली, सरकारही सिंहली. भाषा तीच, धर्म तोच. पकडल्या गेलेल्या तरुणांच्या माहितीचा अभ्यास पुढे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकेरे यांनी केला. त्यातून दिसलेला तरुण ग्रामीण आहे, सिंहली माध्यमाच्या शाळेत वरच्या इयत्तांपर्यंत शिकलेला आहे, आणि बेकार आहे किंवा शिक्षणाच्या मानाने हलक्या कामावर आहे. मोफत शिक्षणाने त्याच्या मनात कारकुनाची, शिक्षकाची, अधिकाऱ्याची खुर्ची आणून ठेवली. चहा, रबर आणि नारळ यांवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेपाशी तेवढ्या खुर्च्या नव्हत्या. शिकलेला मुलगा बंडात जाण्याआधी विचार करेल, हा कोलिअर-होएफलर यांचा तर्क इथे उलटा पडतो. या मुलांनी विचार केला होता. राजकीय वर्ग भरवून, पाच व्याख्याने ऐकून ती बंडात उतरली होती. पेरमुनाची भरती ज्या पाठमालेतून होई ती ‘पाच व्याख्याने’ याच नावाने ओळखली जाते. सामाजिक बदलावरच्या व्याख्यानांचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात हेही प्रकरण घालावे लागेल.

उठाव चिरडला गेला, हजारो तरुण मारले गेले किंवा तुरुंगात गेले. आणि त्याच सुमारास सिरिमावो बंडारनायके यांच्या सरकारने विद्यापीठ प्रवेशासाठी ‘प्रमाणीकरण’ आणले. वैद्यकीय प्रवेशाला ४०० पैकी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला २५० गुण हवेत, सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला २२९ पुरेत. दोन-तीन वर्षांत त्यात जिल्हावार कोट्याची भर पडली. नाराज सिंहली ग्रामीण तरुणाला काहीतरी द्यायला हवे होते, आणि नोकरी देणे सरकारला झेपत नव्हते. प्रवेश देणे झेपत होते. जिल्हा कोट्यामागे न्यायाचा एक धागा होता, हेही सांगितले पाहिजे. पूर्वेकडच्या मागास तमिळ भागांनाही त्यातून जागा मिळाल्या. महाराष्ट्रातल्या वाचकाने यावरून आपल्याकडच्या आरक्षणाविषयी घाईने निष्कर्ष काढू नये. ज्यांना शतकानुशतके उंबरठ्याबाहेर ठेवले त्यांना आत घेण्यासाठी अट शिथिल करणे वेगळे, आणि सत्तेतल्या बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांच्या भाषेवरून अट कडक करणे वेगळे.

त्या एकवीस गुणांनी काय केले? जाफन्यात सबंध पिढी परीक्षेवर विसंबलेली होती. तिथल्या घरांत आता अभ्यास करून उपयोग नाही हे वाक्य ऐकू येऊ लागले. विद्यार्थ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि सशस्त्र गटांचे पहिले कार्यकर्ते त्यांच्यातून निघाले. मे १९७६ मध्ये तमिळ नेत्यांनी वेगळ्या राज्याची मागणी करणारा ठराव मंजूर केला. तो ‘वट्टुकोट्टै ठराव’ म्हणून ओळखला जातो. मिशनची संस्था निघाली ती वट्टुकोट्टै हीच. १९७७ नंतरच्या सरकारने भाषावार प्रमाणीकरण गुंडाळले, पण तोवर फार उशीर झाला होता. १९८१ च्या मे-जूनच्या संधीवरील रात्री जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७,००० पुस्तके आणि हस्तलिखिते गेली. शाळेची, परीक्षेची आणि पुस्तकाची किंमत ज्यांना कळत नाही ते ग्रंथालय जाळत नाहीत. नेमके कुठे मारले म्हणजे लागेल, हे जाळणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. दोन वर्षांनी सुरू झालेले युद्ध २००९ पर्यंत चालले. निरक्षरता वाढली म्हणून ते पेटले, असे त्याच्या कोणत्याही टप्प्यावर म्हणता येत नाही.

इथे वक्त्यांचे ठरलेले उत्तर येते: ते खरे शिक्षण नव्हतेच, माणुसकी शिकवते ते खरे शिक्षण. हा बचाव फार सोयीचा आहे. शांतता नांदली तर शिक्षणामुळे, आणि न नांदली तर ते शिक्षण खरे नव्हते! मग हे मत कधी खोटे ठरायचे? जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनजवळ वानझे येथे ज्यूंच्या संहाराची आखणी करायला पंधरा अधिकारी जमले, त्यांतल्या आठांपाशी डॉक्टरेट होती. जर्मन विद्यापीठांचे शिक्षण खोटे होते असे त्या काळी जगात कोणी म्हटले नसते.

रवांडाचे उदाहरण याहून बोलके आहे. फर्दिनां नाहिमाना हे इतिहासकार. पॅरिसमध्ये डॉक्टरेट केलेले, रवांडाच्या राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या काळात तुत्सींना हुडकून मारण्याची चिथावणी ज्या आरटीएलएम रेडिओवरून दिली गेली, त्याच्या संस्थापकांत हे गृहस्थ होते. संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्यांना दोषी ठरवले. आता त्यांच्या शिक्षणात कोणता विषय कमी पडला, हे पूर्वपक्षाने सांगावे. मला उत्तर अभ्यासक्रमात सापडत नाही, हजेरीपटात सापडते. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी, त्वा अशी नोंद सुरू केली. सत्तेची माणसे घडवण्यासाठी आस्त्रिदाला जी नामांकित शाळा चालवली, तिच्यात तुत्सी मुलांना झुकते माप मिळे. स्वातंत्र्यानंतर हुतू राजवटीने पारडे फिरवले आणि तुत्सींवर कोट्याची मर्यादा घातली. कोटा पाळायचा तर मोजणी हवी, म्हणून वर्गात शिक्षक मुलांना वंशाप्रमाणे उभे करत. आपण कोण हे माहीत नसलेले मूल त्या दिवशी घरी जाऊन विचारी. पुस्तकात नसलेला हा धडा तीन दशके, वर्षामागून वर्ष, गिरवला गेला. शाळा कमी असत्या तर तो इतक्या खोलवर गेला नसता, असे म्हणायचा मोह होतो. तेवढे टोक मी गाठत नाही.

पाठ्यपुस्तके बदला, हा उपाय त्यामुळे मला दुय्यम वाटतो. पुस्तकांतून विष पेरता येते यात शंका नाही. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्धच्या युद्धकाळात अमेरिकी सरकारच्या पैशाने नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा केंद्राने दरी आणि पश्तो भाषांत पाठ्यपुस्तके तयार केली. १९८४ ते १९९४ या काळात त्यावर पाच कोटी डॉलरांहून जास्त रक्कम खर्च झाली. त्यांतल्या गणितात मुले सैनिक आणि बंदुकीच्या गोळ्या मोजत. पुढे तालिबानने हीच पुस्तके वापरली, फक्त माणसांचे चेहरे खोडून. हे सगळे खरे. पण श्रीलंकेतल्या त्या एकवीस गुणांना कोणत्याही धड्याची गरज पडली नव्हती.

पूर्वपक्षाचा शेवटचा आणि सर्वांत प्रिय बुरूज म्हणजे एकच बाक. वेगवेगळ्या समाजांची मुले शेजारी शेजारी बसली की मने जुळतात. यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांची पहिली एकत्रित शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये अवघ्या २८ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. बॉम्ब फुटत असताना आपली मुले तिथे पाठवणाऱ्या आईबापांना मी मनापासून मानतो. पण आजही तिथली एकत्रित शाळांत जाणारी मुले शेकडा सात-आठच्या आसपास आहेत, आणि १९९८ चा शांतता करार झाला तेव्हा त्याहूनही थोडी होती. करार झाला तो वेगवेगळ्या शाळांत शिकलेल्या लोकांमध्ये. सत्तेत वाटा कसा द्यायचा, पोलीस दल कसे बदलायचे, कैद्यांचे काय करायचे, हत्यारे कशी निकालात काढायची, यावर तडजोड झाली तेव्हा. बाक एक व्हायची वाट पाहिली असती तर अजून पाहावी लागली असती.

बोस्नियात उलट घडले. १९९५ च्या डेटन कराराने युद्ध थांबवले आणि त्या शांततेनेच शाळा दुभंगल्या. बोस्नियाक-क्रोएट संघराज्यात शिक्षण दहा कँटनांच्या हाती गेले, प्रत्येकाचे स्वतंत्र शिक्षणमंत्रालय. ‘एका छताखाली दोन शाळा’ या नावाची व्यवस्था त्यातून आली: इमारत एक, दारे दोन किंवा पाळ्या दोन, मुख्याध्यापक दोन, अभ्यासक्रम दोन. आणि दोन्हीकडची मुले बाहेर भेटली की एकमेकांचे बोलणे सहज समजतात. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ही व्यवस्था भेदभावाची ठरवली, तरी ती पुरती गेली नाही. दोन मुख्याध्यापक, दोन शिक्षकसंच म्हणजे दोन पक्षांना वाटायला दुप्पट नोकऱ्या, हा तिच्या चिवटपणाचा मोठा भाग आहे. यायत्से गावात २०१६ मध्ये एकत्र शिकणाऱ्या मुलांना वेगळे करणारी आणखी एक शाळा काढायचे घाटले, तेव्हा दोन्ही समाजांची मुले रस्त्यावर उतरली आणि त्यांनी तो बेत हाणून पाडला. २०१८ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांच्या प्रश्नावरचा एक मोठा युरोपीय पुरस्कार मिळाला. व्याख्यानांत ही गोष्ट ‘शिक्षणाने शांतता’ याचा दाखला म्हणून सांगतात. मला तर ती मुलांनी शिक्षणखात्याशी केलेल्या भांडणाची गोष्ट वाटते.

तेव्हा माझी बाजू मांडतो. शिक्षणाने समाज बदलतो तो बहुतेक वेळा भांडण उभे करूनच. उत्तर आयर्लंडमध्ये १९४७ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि गरीब कॅथलिक घरांतली मुले पहिल्यांदा मोठ्या संख्येने हायस्कुलात आणि विद्यापीठात गेली. डेरीचे जॉन ह्यूम त्यातलेच. वीस वर्षांनी त्याच पिढीने विचारले की नगरपालिकेची घरे आम्हाला का मिळत नाहीत, स्थानिक निवडणुकीत प्रत्येकाला एक मत का नाही. ५ ऑक्टोबर १९६८ चा डेरीचा मोर्चा पोलिसांनी लाठ्यांनी मोडला आणि तीस वर्षांच्या यातनांना सुरुवात झाली. हिंसेचे समर्थन मी करत नाही. ह्यूम यांनीही आयुष्यभर केले नाही. पण १९४७ चा कायदा नसता तर ‘शांतता’ टिकली असती, आणि ती कोणाच्या पाठीवर टिकली असती हेही उघड आहे.

आपल्याकडे हे कोणाला नव्याने सांगायची गरज पडू नये. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता: रयतेच्या घामाचा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या. सलोख्यासाठी त्यांनी शाळा मागितली नाही. नऊ वर्षांपूर्वीच ‘गुलामगिरी’ लिहिलेल्या माणसाला शाळा कशासाठी हवी होती हे आयोगालाही समजले असेल. आंबेडकरी चळवळीच्या घोषणेतही शिकणे आणि संघर्ष करणे एकाच श्वासात येते.

मग सगळेच संघर्ष सारखे का? मराठवाड्याने याचे उत्तर फार महाग किंमत देऊन मिळवले आहे. औरंगाबादेत आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० मध्ये निघाले आणि त्यातून दलित पदवीधरांची पिढी बाहेर पडली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. विरोधाच्या मोर्चांत विद्यार्थी आघाडीवर होते. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली, तेही नामविस्तार म्हणून. शिकलेले दोन्ही बाजूंना होते. एक बाजू आत येऊ पाहत होती, दुसरी दार लावत होती. एक बाजू सभा आणि लाँगमार्च काढत होती, दुसरीकडून घरे पेटवली जात होती. दोघांना ‘समाजात तेढ’ या एका शब्दाखाली घालणारे व्याख्यान तटस्थ असते असे मला वाटत नाही.

यावर कोणी विचारेल, मग करायचे काय? बाक एक करूच नयेत का? करावेत, पण क्रम कोणता, हे कोल्हापुरात पाहायला मिळते. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढायला सुरुवात केली, आणि ती जातवार होती. आजच्या सलोखावाद्यांना ती खटकतील. जुलै १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले ते १९१७ मध्ये. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा आदेश निघाला १९१९ मध्ये. आधी राहायची सोय आणि नोकरीची हमी, मग सक्ती, मग एक बाक. सिलोनने शाळा दिली आणि नोकरीचा प्रश्न पुढच्या सरकारवर टाकला. कोल्हापूरने नोकरीचा आदेश शाळेच्या सक्तीआधी पंधरा वर्षे काढला. वेदोक्ताच्या वादापासून या सगळ्या काळात संस्थानात भांडण धगधगतच होते, आणि ते मिटावे म्हणून महाराजांनी यातला एकही आदेश मागे घेतला नाही.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. शाहू महाराज तिथे पाहुणे म्हणून गेले आणि बोलले. जमलेल्यांना त्यांनी सांगितले की तुमचा पुढारी तुमच्यातूनच तुम्हाला मिळाला आहे. अध्यक्षस्थानी अठ्ठावीस वर्षांचे, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर होते. त्याच वर्षी ते अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, १९२३ मध्ये परतले, आणि मार्च १९२७ मध्ये त्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला.